जठराचा कर्करोग औषधास दाद कां देईनासा होतो?

दिवाळीच्या सुटीपूर्वीं पालकांच्या भेटीचा दिवस होता. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील प्रगतिपुस्तकावर सही करून झाल्यावरहि खुर्चीवरून उठेनात. हे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यांत टर्नर आहेत. मुलाच्या गुणांविषयीं त्यांस कांहीं विचारावयाचें नव्हतें. थोड्या वेळानें ते म्हणाले, "सर, आपण शास्त्र शिकवितां म्हणून विचारतों. आमच्या वडिलांस पोटाचा कर्करोग झाला होता. पहिल्या तीन वेळां औषध चढविलें तेव्हां गांठ निम्मी झाली. अन्न जाऊं लागलें, ते अंगणांत फिरूं लागले. पुढें तेंच औषध, तेच डॉक्टर, आणि गांठ मात्र वाढत गेली. आमच्याकडून कांहीं पथ्य चुकलें काय? आई अजून म्हणते, मीं त्यांना एकदां लोणचें वाढलें होतें."

तेवढ्यांत पुढील पालक दारांत येऊन उभे राहिले आणि माझें उत्तर अर्धवट राहिलें. पुढें या वार्षिकासाठीं शास्त्रीय विषयावर कांहीं लिहून द्यावें असें संपादकांनीं सुचविलें, तेव्हां दुसरा विषय शोधण्याचें कारणच उरलें नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं हा प्रसंग आला असेल, कोणावर येऊं नये.

जठर म्हणजे अन्ननलिकेच्या शेवटीं असलेली स्नायूंची पिशवी. तिच्या आंतील अस्तराच्या पेशी सदैव झिजत असतात व त्यांच्या जागीं नव्या उत्पन्न होत असतात. हें काम ज्या शिस्तीनें चालावयाचें ती शिस्त एखाद्या पेशींत बिघडली, आणि ती पेशी मनास येईल तशी वाढूं लागली, म्हणजे कर्करोगास आरंभ होतो. जगांत दरवर्षीं सुमारें दहा लाख माणसांस हा रोग जडतो. त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा एक जंतु असतो. ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरेन या दोघां डॉक्टरांनीं १९८२ सालीं हा जंतु प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. जठराच्या आम्लांत जंतु जगूं शकत नाहींत असा त्या काळचा समज. म्हणून १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतःच पिऊन पाहिला व जठराचा दाह ओढवून घेतला! पुढें २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. या जंतूखेरीज तंबाखू, आणि वर्षानुवर्षें खाल्लेलें अति खारट व खारवून टिकविलेलें अन्न, हींहि रोगास हातभार लावितात. आपल्या देशांत मिझोराममध्यें हा रोग फार आढळतो. महाराष्ट्रांत त्या मानानें कमी. पण तो आपल्या उंबरठ्याच्या आंत आला म्हणजे असल्या तुलनेनें कोणाचें समाधान होणार?

रोग लवकर ध्यानांत आला तर शस्त्रक्रिया करून जठराचा दूषित भाग काढून टाकतां येतो, व हाच त्याचा मुख्य इलाज होय. परंतु पुष्कळ रोग्यांत गांठ आधीं लहान करावी लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरहि मागें राहिलेल्या पेशींचा निकाल लावावा लागतो. यासाठीं जें औषध शिरेंतून देतात त्या उपचारास केमोथेरपी म्हणतात. २०१९ सालीं जर्मनींतील एका मोठ्या चांचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून ज्या रोग्यांची प्रकृति सोसूं शकते त्यांस फ्लुओरोयुरॅसिल, ल्यूकोव्होरिन, ऑक्झॅलिप्लॅटिन व डोसीटॅक्सेल हीं चार औषधें एकत्र देण्याचा प्रघात बराच रूढ झाला आहे. या चौघांचीं कामें निरनिराळीं आहेत. हीं नांवें जड आहेत खरीं, पण पुढें त्यांच्याशीं एकेक करून ओळख होईलच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जें औषध काल लागू पडलें तें आज कां पडूं नये?

आपल्या या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यांत राहणाऱ्या वाचकांस एक दाखला सहज पटेल. कारखान्यांत प्रत्येक भागाचें मूळ ड्रॉइंग कार्यालयांत जपून ठेवलेलें असतें. तें मशीनवर नेत नाहींत. त्याची प्रत काढून ती खालीं शॉपमध्यें पाठवितात, आणि त्या प्रतीवरून कामगार जॉब तयार करतात. पेशींतहि असेंच चालतें. पेशीच्या केंद्रकांत जीं जनुकें असतात तीं मूळ ड्रॉइंगें होत. त्यांच्या प्रती केंद्रकाबाहेर पाठविल्या जातात, आणि त्या प्रतींवरून जीं प्रथिनें बनतात तीं पेशीचे जॉब. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत सगळींच ड्रॉइंगें असतात. पण जठराच्या पेशीनें कोणत्या ड्रॉइंगाच्या किती प्रती काढाव्या, यकृताच्या पेशीनें किती, हें ठरलेलें असतें. एखाद्या पेशीनें एकाच ड्रॉइंगाच्या दहापट, पन्नासपट प्रती काढण्यास सुरुवात केली, तर त्या प्रथिनाचा पेशींत ढीग पडेल. शास्त्रज्ञ यास जनुकाची अति-अभिव्यक्ति म्हणतात. येथें ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, ड्रॉइंग चुकीचें असतेंच असें नाहीं. जॉबहि निर्दोष असतो. बिघाड असतो तो केवळ संख्येंत.

कर्करोगाच्या पेशींत अशी गडबड फार. त्या घाईघाईनें दुभंगतात. दुभंगतांना ड्रॉइंगें कधीं गहाळ होतात, कधीं एकाच्या दोन, दोनाच्या चार प्रती मूळ कार्यालयांतच राहून जातात. म्हणून एकाच गांठींतल्या पेशी एकमेकींसारख्या दिसल्या तरी सर्वस्वी सारख्या नसतात. विद्यार्थ्यांनीं येथें वहींत थोडें गणित करून पाहावें. एक सेंटिमीटर रुंदीच्या गांठींत सुमारें शंभर कोटी पेशी असतात असें सामान्यतः मानितात. समजा, दर दहा लाखांत एकच पेशी अशी निघाली कीं, एका विशिष्ट प्रथिनाच्या अतिरेकामुळें ती औषधास दाद देत नाहीं. म्हणजे गांठींत अशा एक हजार पेशी झाल्या. औषधानें बाकीच्या सर्व मारल्या, गांठ दिसेनाशी झाली, घरांत पेढे वांटले गेले. उरल्या त्या हजार. त्या एकीच्या दोन होत गेल्या, तर वीस दुपटींनंतर पुनः शंभर कोटींच्या वर पेशी होतात, आणि आतां त्यांतील प्रत्येक पेशी त्या हजारांच्याच वंशांतली! प्रत्यक्षांत कांहीं पेशी मरतात, कांहीं स्वस्थ बसतात. हिशेब इतका सरळ नसतो. पण ओघ हाच. औषध तेंच राहिलें. गांठ मात्र बदलली. बदलली म्हणजे तरी काय, तीमधील एक लहानसा गट मागें उरून मोठा झाला.

पेशी औषध "ओळखूं" लागते, त्यास "सरावते" असें आपण सहज बोलतों. तें बोलणें फसवें आहे. औषधाची मात्रा पोहोंचल्यावर कांहीं पेशी त्या विशिष्ट प्रथिनाचें उत्पादन वाढवितात हेंहि खरें, आणि तें जठराच्या कर्करोगांत आढळून आलें आहे. परंतु शिकणें, विचार करणें असें तेथें कांहीं नसतें.

आतां हें प्रथिन तरी कोणतें? तीं अनेक आहेत. त्यांपैकीं पहिल्याची गोष्ट सांगण्यासाठीं आपल्या पिंपरीच्या मातीपासून सुरुवात करणें बरें.

सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं पिंपरी येथें स्थापन झाला, व १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. या औद्योगिक पट्ट्याच्या आरंभींच्या कारखान्यांपैकीं तो एक. तेथें नुसतें उत्पादन होत नसे, संशोधनहि होत असे. डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीचे नमुने आणून त्यांतील सूक्ष्म जंतु वाढवीत, आणि त्यांतून एखादें नवें औषध झरतें काय तें पाहात. पिंपरीच्याच मातींत त्यांस स्ट्रेप्टोमायसिस कुळांतील एक जंतु सांपडला. १९६१ च्या सुमारास त्यापासून बुरशीजन्य रोगांवरील एक औषध निघालें. कारखान्याच्या नांवावरून त्यास हॅमायसिन म्हटलें गेलें. जंतूचें नांव ठेवलें स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गांवाचें नांव असें जगाच्या शास्त्रीय पुस्तकांत जाऊन बसलें आहे, हें येथील किती मुलांस ठाऊक असेल?

त्याच सुमारास इटलींतील शास्त्रज्ञहि हेंच करीत होते. अपुलिया प्रांतांतील एका जुन्या किल्ल्याजवळील मातींत त्यांस याच कुळांतला दुसरा जंतु मिळाला. त्याच्यापासून प्रथम एक औषध निघालें, आणि पुढें त्याच जंतूच्या बदललेल्या वाणापासून दुसरें. एड्रियाटिक समुद्रावरून त्यास एड्रियामायसिन नांव दिलें. डॉक्टर लोक त्यास डॉक्सोरुबिसिन म्हणतात. त्याचा तांबडा रंग पाहिलेल्यास विसरत नाहीं. हें औषध व त्याचा जवळचा भाऊ एपिरुबिसिन हीं दोन्हीं जठराच्या कर्करोगावर अनेक वर्षें वापरलीं गेलीं. वर सांगितलेल्या चार औषधांनीं आतां त्यांस बरेंचसें मागें टाकलें आहे.

चिकित्सक वाचकाच्या मनांत येथें एक शंका यावयास हवी. इतकें जहाल औषध जो जंतु आपल्या अंगांत तयार करतो, तो स्वतः त्यानें कां मरत नाहीं? पिंपरीच्या जंतूस अशी भीति नव्हती, कारण हॅमायसिन बुरशीच्या कवचांतील ज्या द्रव्यास धरून तिला मारतें तें द्रव्य जंतूंच्या अंगीं नसतेंच. इटलीच्या जंतूची गोष्ट निराळी. त्याचें औषध जनुकांच्या धाग्यावरच घाव घालतें, आणि तो धागा त्यालाहि आहे. त्याच्या बचावाची युक्ति १९९१ सालीं उलगडली. त्याच्याजवळ एक पंप असतो. औषध तयार झालें कीं हा पंप तें उचलून बाहेर टाकतो.

आणि आश्चर्य असें कीं, हा पंप शास्त्रज्ञांस ओळखीचा वाटला! १९७६ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें जूलियानो व लिंग यांनीं हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर प्रयोग केले होते. औषधास दाद न देणाऱ्या पेशींच्या पापुद्र्यावर त्यांस एक प्रथिन भरपूर आढळलें, आणि जितका प्रतिकार अधिक तितकें तें प्रथिन अधिक. त्यास पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. हें प्रथिन म्हणजे पंपच होय, व तो माणसाच्या पेशींतहि असतो. मातींतल्या जंतूचा पंप आणि माणसाचा पंप यांच्या रचनेंत स्पष्ट कौटुंबिक साम्य आहे. इटलीच्या मातींतला जंतु आणि चाकणच्या टर्नरचे वडील यांच्या पेशींत एकाच घराण्याचा पंप!

हा पंप रोगासाठीं बनलेला नाहीं. आंतड्यांत, यकृतांत, मूत्रपिंडांत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो रात्रंदिवस काम करीत असतो. अन्नाबरोबर आलेलीं विषारी द्रव्यें बाहेर लोटणें हें त्याचें कर्तव्य. पेशीच्या भिंतींत तो पसरलेला असतो आणि भिंतींतून आंत शिरूं पाहणारें औषध तेथल्या तेथें धरून परत फेंकतो. यासाठीं त्यास इंधन लागतें, तें पेशीच पुरविते. ज्या गांठींतील पेशींनीं या पंपाचें ड्रॉइंग भरमसाट काढलें, त्यांच्या आंत डॉक्सोरुबिसिन किंवा डोसीटॅक्सेल पुरेसें साठतच नाहीं. शिरेंतून मात्रा पूर्ण गेली, रक्तांत ती फिरली, गांठीपर्यंत पोहोंचली. पण पेशीच्या आंत पाहावें तर फारच थोडी. पावसाळ्यांत तळघरांत पाणी शिरतें तेव्हां एका पंपानें भागत नाहीं, दहा लावले तर जमीन कोरडी राहते. तसाच हा प्रकार. यांत आणखी वाईट गोष्ट अशी कीं, हा पंप एकच औषध ओळखत नाहीं. ज्यांची रचना एकमेकांशीं मुळींच जुळत नाहीं अशीं अनेक औषधें तो सारख्याच तत्परतेनें बाहेर टाकतो. म्हणून एका औषधास दाद न देणारी गांठ पुष्कळदां कधीं न दिलेल्या दुसऱ्या औषधासहि दाद देत नाहीं.

मग पंपच बंद पाडावा! ही कल्पना लगेच सुचली. रक्तदाबावरील व्हेरापमिल या औषधानें पंप अडतो असें १९८१ सालीं जपानमध्यें दिसून आलें, व त्यानंतर अनेक पंपरोधक द्रव्यें तयार झालीं. प्रयोगशाळेंतील कांचेच्या बशींत त्यांनीं सुंदर काम केलें. रोग्यांत मात्र निराशा झाली. कारण यकृतांतले, मेंदूच्या वाहिन्यांतले पंपहि त्याबरोबर बंद पडूं लागले आणि औषधाचें विष निरोगी अवयवांत सांचूं लागलें. प्रथिन निर्दोष, अतिरेक तेवढा सदोष, असें वर म्हटलें त्याचा अर्थ येथें कळतो.

फ्लुओरोयुरॅसिल व प्लॅटिनम यांच्या बाबतींत मात्र या पंपाचें फारसें कांहीं चालत नाहीं. तेथें पेशीच्या बचावाचा मार्ग दुसरा आहे. तो टर्नर गृहस्थांस माझ्यापेक्षां लवकर समजला.

फ्लुओरोयुरॅसिल हें औषध हायडेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५७ सालीं अमेरिकेंत पुढें आणलें. जनुकांचा धागा विणण्यास जे चार कच्चे घटक लागतात, त्यांपैकीं एक तयार करणारें थायमिडिलेट सिंथेज नांवाचें एक विकर पेशींत असतें. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. त्यास आपण लेथ म्हणूं. फ्लुओरोयुरॅसिल हा एक बनावट जॉब आहे. दिसावयास अगदीं खऱ्यासारखा. एका अणूचा काय तो फरक. लेथच्या चकमध्यें तो बसतो, आणि बसला कीं निघत नाहीं. लेथ अडकला, धागा विणला जाईना, पेशी मेली. आतां त्या पेशीपाशीं दोन लेथ असण्याऐवजीं चाळीस असले तर? बनावट जॉब दहा-पंधरा लेथांत अडकून संपून जातील आणि उरलेले लेथ निर्वेध चालत राहतील. थायमिडिलेट सिंथेजच्या जनुकाची अति-अभिव्यक्ति म्हणजे नेमकें हेंच. यांत पेशीनें औषध बाहेर टाकलें नाहीं, मोडलेंहि नाहीं. नुसत्या संख्येच्या बळावर पचविलें.

चक अधिक घट्ट आवळण्यासाठीं ल्यूकोव्होरिन हें दुसरें द्रव्य सोबत देतात. त्यानें बनावट जॉब लेथमध्यें जखडून बसतो. हें द्रव्य म्हणजे फोलिक आम्लाचेंच एक रूप, आणि फोलिक आम्लाच्या शोधाची वाट आपल्या मुंबईच्या गिरणगांवांतून गेलेली आहे. तें थोडें विस्तारानें सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांस गरोदरपणीं एक विशिष्ट प्रकारचा पांडुरोग होत असे व त्यांत कित्येकी दगावत. त्याचें कारण शोधण्यासाठीं डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं काम केलें, गिरणीकामगारांच्या घरांत काय शिजतें हें बारकाईनें पाहिलें, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिला असतां हा पांडुरोग बरा होतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य म्हणजे पुढें पालकाच्या पानांतून १९४१ सालीं वेगळें काढलेलें फोलिक आम्ल. आंध्रांत जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें बनविलें गेलें. आणि तेथेंच त्याच्यासारखीं दिसणारीं पण उलट काम करणारीं द्रव्येंहि तयार झालीं.

त्या द्रव्यांपैकीं एक बोस्टन येथील डॉ. फार्बर यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या सोळा मुलांस दिलें, व १९४८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा मुलें सुधारलीं. केमोथेरपीच्या इतिहासांतील हा एक फार मोठा दिवस. पण ती सुधारणा टिकली नाहीं. कांहीं आठवड्यांत, महिन्यांत रोग उलटला. म्हणजे हें शास्त्र जन्मलें त्याच वेळीं आमच्या टर्नर गृहस्थांचा प्रश्नहि जन्मला होता! उत्तरास तीस वर्षें लागलीं. त्याच घराण्यांतील मेथोट्रेक्सेट या औषधास दाद न देणाऱ्या उंदराच्या पेशी अमेरिकेंत शिमके व त्यांचे सहकारी तपाशीत होते. त्या औषधाचा लेथ निराळा, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नांवाचा. १९७८ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, या पेशींत त्या विकराचें प्रमाण सुमारें दोनशें पट वाढलें होतें, आणि तें केवळ प्रती अधिक काढल्यानें नव्हे. मूळ ड्रॉइंगाच्याच शेंकडों प्रती कार्यालयांत सांचल्या होत्या. एकाच जनुकाच्या जागीं त्याच जनुकाची रांगच्या रांग उभी राहते हें तोंवर कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

प्लॅटिनमविषयीं थोडक्यांत सांगतों. ऑक्झॅलिप्लॅटिन व त्याचें वडील भावंड सिसप्लॅटिन हीं औषधें जनुकांच्या धाग्यास गांठी मारतात. पेशीपाशीं अशा गांठी कापून धागा सांधणारी दुरुस्तीची टोळी असते. तींतील एका प्रथिनाचें नांव ईआरसीसी-१. ही टोळी आपल्या त्वचेस सूर्यप्रकाशानें होणारी हानि रोज भरून काढते. गांठींतील पेशींत ती अतोनात वाढली म्हणजे औषधानें दिवसा घातलेली गांठ रात्रीं सुटलेली असते. याशिवाय बीसीएल-२ सारखीं प्रथिनें आहेत. तीं औषधाचा घाव बसूं देतात, पण घायाळ पेशीनें मरण पत्करण्याचा जो नियम, तो मोडतात.

जनुकाचा अतिरेक दर वेळीं रोग्याच्या मुळावरच येतो असें मात्र समजूं नये. जठराच्या कर्करोगांत, विशेषतः जठर व अन्ननलिका यांच्या सांध्यावरील गांठींत, शंभरांत सुमारें पंधरा ते वीस रोग्यांच्या पेशींत हर-२ नांवाच्या जनुकाची अति-अभिव्यक्ति असते. शिमके यांस दिसली तशीच मूळ ड्रॉइंगाची रांग येथेंहि सांपडते. हें प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर राहून तिला "वाढ, वाढ" असा हुकूम सोडीत असतें. पण पृष्ठभागावर असल्यामुळेंच तें बाहेरून धरतां येतें. ट्रॅस्टुझुमॅब हें औषध त्यास नेमकें धरतें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत नेहमींच्या केमोथेरपीस याची जोड दिल्यावर पुढें गेलेल्या रोगांतहि मध्यम आयुर्मान सुमारें अकरा महिन्यांवरून सुमारें चौदा महिन्यांवर गेलें. तीन महिने! कोणी म्हणेल, एवढेंच? ज्यांच्या घरीं त्या तीन महिन्यांत नातवाचें बारसें झालें असेल त्यांस विचारावें. म्हणून गांठ पुढें गेलेली असेल तेव्हां तिच्या तुकड्याची हर-२ साठीं परीक्षा करून घेणें ही आज नित्याची गोष्ट झाली आहे, व ती झाली आहे काय असें डॉक्टरांस नम्रपणें विचारण्यास पालकांनीं संकोचूं नये.

मग लेथ, पंप, दुरुस्तीची टोळी यांचीहि अशीच आधीं मोजदाद करून औषध कां ठरवीत नाहींत, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. तसे प्रयत्न पुष्कळ झाले. परंतु एका ठिकाणचे निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणच्यांशीं नीट जुळले नाहींत. एकाच गांठीच्या दोन कोपऱ्यांतील पेशी निरनिराळ्या निघतात, आणि एकच पेशी एकाच वेळीं दोन-तीन मार्ग अनुसरते. तरी ज्ञानाचा उपयोग अगदींच झाला नाहीं असें नव्हे. फ्लुओरोयुरॅसिल मोडून टाकणारें एक विकर शरीरांत असतें. तोंडानें दिलेल्या औषधाचा मोठा भाग तें वायां घालवितें, आणि गांठींत त्याचा अतिरेक झाला तर औषध तेथेंहि निकामी होतें. जपानी शास्त्रज्ञांनीं त्या विकरास अडविणारें द्रव्य औषधाच्या गोळींतच मिसळून दिलें. जपानांत जठराचा कर्करोग फार. तेथें शस्त्रक्रियेनंतर ही गोळी वर्षभर दिल्यानें अधिक रोगी वांचतात असें २००७ सालीं सिद्ध झालें. पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथें नाना प्रकारच्या पेशी जिवंत जपून देशभरच्या प्रयोगशाळांस पुरविल्या जातात. अशा पेशींना औषधाची मात्रा थेंबाथेंबानें वाढवीत नेऊन कोणतें ड्रॉइंग केव्हां अधिक निघूं लागतें हें पाहणें, हा या विषयाच्या अभ्यासाचा एक नित्याचा मार्ग होय. आपल्या वाचकांपैकीं कोणी उद्यां त्या कामास लागला तर त्याचें आश्चर्य वाटावयास नको.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं त्या टर्नर गृहस्थांस बोलावून वाचून दाखविला. लेथचा भाग त्यांनीं दोन वेळां वाचावयास लाविला. चकमधल्या जॉबाविषयीं माझी एक चूकहि दुरुस्त केली. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "म्हणजे औषध न मानणाऱ्या पेशी पहिल्या दिवसापासूनच तेथें असतील?"

मीं म्हटलें, "बहुधा होय. पहिलें औषध चढविलें त्याच्याहि आधींपासून."

"आणि लोणचें?"

"वर्षानुवर्षें अति खारट खाल्ल्यानें हा रोग होण्याचा संभव वाढतो हें खरें. पण पेशींतला पंप किंवा लेथ एका फोडीनें वाढत नाहीं. त्या लोणच्याचा आणि औषध न लागण्याचा कांहीं संबंध नाहीं."

त्यांची दुसरी पाळी होती, बस गांठावयाची होती. जातांना त्यांनीं माझा हस्तलिखित कागद मागून घेतला, आईस वाचून दाखवावयाचा म्हणून, आणि चार घड्या करून खिशांत ठेविला.